एकमताने मंजूर, तरी कायदा नाही: शक्ती विधेयकाचं प्रकरण

२३ डिसेंबर २०२१ला महाराष्ट्र विधानसभेने शक्ती विधेयक एकमताने मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेनेही केलं. महिला आणि बालकांवरील अत्याचारांसाठी कडक शिक्षा, झटपट तपास, झटपट निकाल असा त्याचा आशय. सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांकडे बघायलाही तयार नसण्याच्या त्या काळात या एका विधेयकावर दोन्ही बाजू एक झाल्या. ‘शक्ती कायदा मंजूर’ अशा बातम्या झाल्या, अभिनंदनाचे फलक लागले. आजही एखादी भयंकर घटना घडली की ‘शक्ती कायद्याखाली गुन्हा नोंदवा’ अशी मागणी होते.

तसा गुन्हा नोंदवता येत नाही, कारण तो कायदा अस्तित्वातच नाही. कधी आलाच नाही.

विधेयकाचा कायदा कसा होतो हे शाळेच्या पुस्तकात पाच पायऱ्यांत सांगतात: मांडणी, पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, राज्यपालांची सही. शक्ती विधेयकाने सभागृहातल्या सगळ्या पायऱ्या पार केल्या, त्याही बिनविरोध. म्हणून हे प्रकरण उलट्या बाजूने वाचायला हवं. मतदानात काही बिघडलं नव्हतं. जे अडकलं ते मसुदा लिहितानाच ठरून गेलं होतं, असं माझं मत आहे.

सुरुवात हैदराबादपासून करावी लागते. नोव्हेंबर २०१९मध्ये तिथे एका पशुवैद्यक तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला. शेजारच्या आंध्र प्रदेशाने १३ डिसेंबर २०१९ला अशा गुन्ह्यांसाठी कडक शिक्षा आणि झटपट निकालाचं ‘दिशा’ विधेयक मंजूर केलं. पुढे फेब्रुवारी २०२०मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला एका प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आलं, काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. राज्यभर मोर्चे निघाले. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख त्याच महिन्यात दिशाचा अभ्यास करायला आंध्रला जाऊन आले. ‘आपल्याकडेही असाच कायदा’ अशी घोषणा झाली. मग कोरोना आला आणि वर्ष त्यातच गेलं. ९ डिसेंबर २०२०ला मंत्रिमंडळाने मसुद्याला मान्यता दिली आणि १४ डिसेंबरला विधेयक सभागृहात आलं. ते अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत, तेही अवघं दोन दिवसांचं होतं.

मंत्रिमंडळाची मान्यता आणि सभागृहातली मांडणी यांत पाच दिवस. पण लोकांना दिसतो तो एवढाच भाग. त्याआधीचा भाग मंत्रालयात घडतो. ज्या विभागाचा विषय, तो विभाग प्रस्ताव तयार करतो. इथे गृह विभाग. मग फाइल विधी व न्याय विभागाकडे जाते. हे विधेयक आपल्या अधिकारात बसतं का, कोणत्या केंद्रीय कायद्याला धडकतं का, हे तिथे बघतात आणि कायद्याच्या भाषेत मसुदा लिहितात. सोबत उद्देश व कारणांचं निवेदन, खर्च येणार असेल तर वित्तीय ज्ञापन, सरकारला नियम करण्याचे अधिकार द्यायचे असतील तर त्याचं वेगळं ज्ञापन. आमदारांच्या हातात जी छापील प्रत पडते तिच्यात हे सगळं असतं. बहुतेक वाचणारे शेवटी असलेलं उद्देश व कारणांचं पान आधी वाचतात, आणि बरेच जण तेवढंच वाचतात.

शक्ती विधेयकाच्या बाबतीत वाचायला हवं होतं ते पहिलं पान. त्यावर लिहिलेलं होतं की हे विधेयक भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा यांमध्ये, महाराष्ट्रापुरती, सुधारणा करण्यासाठी आहे. म्हणजे शक्ती नावाचा स्वतंत्र कायदा कुणी लिहिलाच नव्हता. होत्या त्या संसदेच्या तीन कायद्यांवरच्या दुरुस्त्या. अशा विधेयकाचे खंड, म्हणजे त्याची एकेक कलमं, कसे असतात ते एकदा बघण्यासारखं आहे. अमुक संहितेच्या अमुक कलमातल्या ‘दोन महिने’ या मजकुराऐवजी ‘तीस दिवस’ हा मजकूर दाखल करण्यात येईल. अमुक कलमानंतर पुढील कलम दाखल करण्यात येईल. मूळ संहिता शेजारी उघडी ठेवल्याशिवाय अशा खंडाचा अर्थच लागत नाही. तो स्वतःच्या पायावर उभा नसतो.

आणि मूळ संहिता कुणाची? संसदेची. इथे अनेकांचा गोंधळ होतो. पोलीस राज्याचे, गृहमंत्री राज्याचा, तुरुंग राज्याचे, मग फौजदारी कायदा राज्याचा का नाही? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘पोलीस’ हे विषय राज्य सूचीत आहेत. पण फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया हे समवर्ती सूचीत, अगदी पहिल्या आणि दुसऱ्या नोंदीत. तिथे संसद आणि विधिमंडळ दोघांनाही कायदा करता येतो. पण दोघांचं जमलं नाही तर अनुच्छेद २५४ प्रमाणे संसदेचा कायदा टिकतो, राज्याचा विसंगत भाग पडतो. याला एकच अपवाद आहे. राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलेलं असेल आणि त्याला त्यांची संमती मिळालेली असेल, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा वरचढ ठरतो.

तेव्हा पहिलं पान छापून आलं त्याच दिवशी या विधेयकाची वाट मुंबईतून दिल्लीकडे वळलेली होती. सभागृहातलं बहुमत कितीही मोठं असलं तरी ती वाट चुकवता येणार नव्हती. अध्यादेश काढूनही नाही. राज्यपालांना अनुच्छेद २१३ खाली अध्यादेश काढता येतो, पण ज्या विषयाचं विधेयक राष्ट्रपतींकडे गेल्याशिवाय वैध ठरणार नाही, त्यावरचा अध्यादेश राष्ट्रपतींच्या सूचनेशिवाय काढता येत नाही. मागचं दारही त्याच अंगणात उघडतं.

त्यात आंध्रचा अनुभव समोर होता. ज्या दिशा विधेयकावरून प्रेरणा घेतली, त्यालाही राष्ट्रपतींच्या संमतीची गरज होती, आणि वर्ष उलटलं तरी ती आलेली नव्हती. महाराष्ट्राने नमुना उचलला तो अडकलेल्या विधेयकाचा.

विधेयकात काय होतं? बलात्काराच्या काही प्रकारांत शिक्षा वाढवून फाशीपर्यंत नेलेली, ॲसिड हल्ल्याचीही शिक्षा वाढवलेली. तपास पंधरा दिवसांत, खटला तीस दिवसांत, अपील पंचेचाळीस दिवसांत. फोन, ईमेल, समाजमाध्यमांतून महिलांना धमकावणं आणि छळणं यासाठी नवा गुन्हा. खोट्या तक्रारीला शिक्षा. जोडीला विशेष न्यायालयांसाठी दुसरं वेगळं विधेयक. संदर्भासाठी सांगायचं तर २०१८च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर बलात्काराचा तपास दोन महिन्यांत आणि अपील सहा महिन्यांत निकाली काढण्याची तरतूद आधीच होती, आणि बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशीची शिक्षाही आलेली होती. शक्तीने मुदती आणखी आवळल्या. तपासासाठी पंधरा दिवस हे वाचून ज्यांनी न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघितली आहे ते मान हलवतील.

विरोधकांनी म्हटलं, घाई नको, समितीकडे द्या. सरकारने ऐकलं. ही या प्रकरणातली चांगली गोष्ट, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. राज्याची बरीचशी विधेयकं मांडल्यापासून एक-दोन दिवसांत, कधी गोंधळातच, मंजूर होतात. हे विधेयक दोन्ही सभागृहांच्या एकवीस सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेलं. अध्यक्ष गृहमंत्री स्वतः. एप्रिल २०२१मध्ये देशमुखांनी राजीनामा दिला तेव्हा दिलीप वळसे पाटील गृहमंत्री झाले आणि समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

संयुक्त समितीत मतदारसंघासाठी भाषण करावं लागत नाही. समोर कॅमेरा नसतो. पक्षाचा झेंडा जरा बाजूला ठेवून खंड खंड वाचता येतात. बाहेरून निवेदनं येतात. शक्तीवर ती आली, आणि ती वाचण्यासारखी होती. महिला संघटना आणि वकिलांनीच आक्षेप घेतले होते, म्हणजे ज्यांच्यासाठी कायदा करतो म्हणता त्यांनीच. फाशीची तरतूद वाढवली की तक्रार दाखल होण्याचं प्रमाण घटेल, कारण आरोपी बऱ्याचदा नात्यातला किंवा ओळखीतला असतो. पीडितेला जिवंत ठेवण्यात गुन्हेगाराला फायदा उरणार नाही. दोघांच्या वर्तनावरून संमती गृहीत धरता येईल असं सुचवणारं एक स्पष्टीकरण मूळ मसुद्यात होतं, ते तर संमती स्पष्टपणे दिलेली असायला हवी हे २०१३च्या दुरुस्तीने जे कमावलं तेच घालवणारं होतं. खोट्या तक्रारीच्या शिक्षेचा धाक खऱ्या तक्रारदाराला बसेल. यातलं थोडं समितीने ऐकलं, थोडं नाही. तपासाची मुदत पंधरावरून तीस दिवसांवर गेली. समाजमाध्यम कंपन्यांनी तपासासाठी माहिती वेळेत दिली नाही तर त्यांनाही शिक्षा, अशी तरतूद आली. खोट्या तक्रारीची शिक्षा राहिली.

वर्षभर काम झालं, मसुदा आधीपेक्षा बरा झाला. पण समितीतून बाहेर आलेलं विधेयकही तेच राहिलं: तीन केंद्रीय कायद्यांवरच्या दुरुस्त्या.

अहवाल २२ डिसेंबर २०२१ला, अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, सभागृहात ठेवला गेला. दुसऱ्याच दिवशी विधानसभेत चर्चा आणि मंजुरी. त्या वेळी विधानसभेला अध्यक्ष नव्हते. नाना पटोलेंनी फेब्रुवारीत राजीनामा दिल्यापासून ते पद रिकामं होतं आणि कामकाज उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ चालवत होते. खंडशः विचार हा टप्पा कागदावर सगळ्यात महत्त्वाचा; प्रत्यक्षात पीठासीन अधिकारी खंडांचे क्रमांक वाचत जातात, ‘होय’ म्हणणाऱ्यांचा आवाज येतो, ‘संमत’ असं ऐकू येतं आणि पुढचा खंड. एकमत असलं की हे फारच वेगात होतं. शेवटी ‘विधेयक संमत करण्यात यावे’ हा प्रस्ताव, पुन्हा ‘होय’, आणि झालं.

परिषदेबद्दल थोडक्यात. दोन सभागृहं असलेली राज्यं देशात सहाच आहेत, महाराष्ट्र त्यातलं एक. विधानसभा २८८ची, परिषद ७८ची. साध्या विधेयकाला परिषद पहिल्या खेपेला तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर करून पाठवलं तर आणखी एक महिना थोपवू शकते, त्यापुढे नाही. लोकसभा आणि राज्यसभेची होते तशी संयुक्त बैठक राज्यात नसते; अखेर विधानसभेचंच चालतं. शक्तीच्या वेळी यातलं काहीच लागलं नाही. परिषदेने एका दिवसात मोहोर उमटवली.

मग विधेयक राजभवनावर. अनुच्छेद २००खाली राज्यपालांपुढे मोजके मार्ग असतात: संमती देणं, ती रोखून विधेयक पुनर्विचारासाठी परत पाठवणं किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं. शक्ती राखून ठेवलं गेलं. त्यात राजकारण शोधायची गरज नाही. हे राज्य सरकारलाही हवंच होतं, कारण नुसत्या राज्यपालांच्या सहीने आलेला कायदा पहिल्याच याचिकेत विसंगतीच्या मुद्द्यावर पडला असता.

दिल्लीत ‘राष्ट्रपतींकडे’ म्हणजे प्रत्यक्षात केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. तिथून विषयाप्रमाणे प्रत वेगवेगळ्या मंत्रालयांकडे फिरते: कायदा, महिला व बालविकास, इंटरनेटचा संबंध असेल तर माहिती तंत्रज्ञान. प्रत्येकाचे शेरे येतात, ते राज्याला कळवले जातात, राज्य खुलासा पाठवतं, त्यावर पुन्हा शेरा. या फेऱ्यांना मुदत नाही. अनुच्छेद २०१मध्ये राष्ट्रपतींनी किती दिवसांत ठरवावं हे लिहिलेलंच नाही. उलट, राष्ट्रपतींनी विधेयक फेरविचाराला परत पाठवलं तर सभागृहाने सहा महिन्यांत विचार करावा, ही मुदत मात्र लिहिली आहे. आणि सभागृहाने पुन्हा जसंच्या तसं मंजूर केलं तरी राष्ट्रपतींवर संमतीचं बंधन नाही. राज्यपालांनी परत पाठवलेलं विधेयक पुन्हा मंजूर झालं तर संमती रोखता येत नाही. दिल्लीच्या बाबतीत तसं नाही.

मुदत नसणं म्हणजे काय, याचं महाराष्ट्रातलंच टोकाचं उदाहरण आहे. गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती विधिमंडळाने १९९५मध्ये मंजूर केली, १९९६मध्ये ती राष्ट्रपतींकडे गेली, आणि संमती आली २०१५मध्ये. मधल्या काळात विधानसभा चार वेळा बदलली. विधेयक मात्र जिवंत राहिलं, कारण दोन्ही सभागृहांनी मंजूर करून संमतीसाठी गेलेलं विधेयक विधानसभा विसर्जित झाली तरी व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होत नाही. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्येच हे ठरवलं आहे. अशी विधेयकं मरत नाहीत, नुसती पडून राहतात.

शक्तीच्या बाबतीत पडून राहण्याचा परिणाम वेगळाच झाला. केंद्राकडून आक्षेप आले, केंद्रीय कायद्यांशी होणारी टक्कर हा त्यातला मुख्य मुद्दा. दरम्यान जून २०२२मध्ये राज्यात सरकार बदललं, जुलैत राष्ट्रपती बदलले. आणि डिसेंबर २०२३मध्ये संसदेने भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता मंजूर केल्या. १ जुलै २०२४पासून त्या लागू झाल्या आणि भारतीय दंड संहिता व फौजदारी प्रक्रिया संहिता इतिहासजमा झाल्या. ज्या गोधडीला ठिगळ लावायचं ती गोधडीच बदलली. पॉक्सोवरचे खंड सोडले तर शक्तीमधला ‘अमुक कलमातील अमुक मजकुराऐवजी’ हा प्रत्येक खंड आता नसलेल्या पुस्तकातल्या ओळीकडे बोट दाखवत होता.

इथे एक गैरसोयीची गोष्ट सांगायला हवी. दिल्लीने २०२२मध्येच सही केली असती तरी सुटका नव्हती. राष्ट्रपतींच्या संमतीने मिळालेलं वरचढपणही कायमचं नसतं. त्याच अनुच्छेद २५४च्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, संसदेला त्याच विषयावर नंतर कायदा करून राज्याची तरतूद बदलायची किंवा रद्द करायची मुभा आहे. जुन्या दंड संहितेला जोडलेल्या तरतुदी ती संहिताच गेल्यावर कुठे उभ्या राहायच्या, हा वाद दोन-अडीच वर्षांत कोर्टात गेलाच असता. तेव्हा ‘केंद्राने अडवलं’ हे खरं असलं तरी पुरतं उत्तर नाही. दिरंगाईचं समर्थन मी करणार नाही. दोन्ही सभागृहांनी एकमताने मागितलेल्या गोष्टीला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं तरी ठराविक काळात कळायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२५ला तामिळनाडूच्या प्रकरणात राज्यपाल आणि राष्ट्रपती दोघांसाठीही मुदती घालून दिल्या होत्या. २० नोव्हेंबर २०२५ला घटनापीठाने राष्ट्रपतींच्या विचारणेवर मत देताना सांगितलं की न्यायालयाला अशा मुदती ठरवता येणार नाहीत आणि मुदत संपली म्हणून संमती मिळाली असंही मानता येणार नाही. म्हणजे ही वाट आजही तितकीच बेभरवशाची आहे.

दुसरी वाट होती का? होती, आणि महाराष्ट्राने ती आधी चालून दाखवलेली होती. १९९९चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मकोका. तोही फौजदारी कायदाच, तोही साध्या प्रक्रियेपासून बराच दूर जाणारा, त्यालाही राष्ट्रपतींची संमती लागली आणि ती त्याच वर्षी मिळाली. पण मकोका हा स्वतंत्र विशेष कायदा आहे. स्वतःची व्याख्या, स्वतःचे गुन्हे, स्वतःची विशेष न्यायालयं. दंड संहिता बदलली तरी तो उभा आहे. त्यात जुन्या संहितेचे जे उल्लेख येतात ते नव्या संहितेतल्या समान तरतुदींचे म्हणून वाचता येतात. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही असाच: एप्रिल २०१६मध्ये विधिमंडळात एकमताने मंजूर, राष्ट्रपतींकडे रवाना, आणि २०१७मध्ये लागू. केंद्राचा त्या विषयावर कायदाच नव्हता, त्यामुळे टकरीचा प्रश्न मोठा नव्हता.

शक्तीच्या मसुदाकारांपुढे हा रस्ता तितका सोपा नव्हता हे मान्य. बलात्काराची व्याख्या आणि शिक्षा संसदेने आधीच लिहून ठेवलेली आहे. तिथे स्वतंत्र कायदा केला तरी टक्कर होतेच. मग फाशीचा भाग सोडून द्यावा लागला असता, आणि राजकीयदृष्ट्या तोच तर विकला जात होता. पण बाकीचं? प्रत्येक जिल्ह्यात महिला अधिकाऱ्यांसह स्वतंत्र तपास पथक, गुन्हेगारांची नोंदवही, प्रयोगशाळांची क्षमता, सरकारी वकिलांच्या नेमणुका, उच्च न्यायालयाशी बोलून जादा न्यायालयं. यातल्या बहुतेक गोष्टींना दंड संहितेला हात लावायचीच गरज नव्हती. काहींना तर विधेयकही लागत नाही, शासन निर्णय आणि अर्थसंकल्पातली तरतूद पुरते. हे सगळं फाशीच्या तरतुदीसोबत एकाच विषयाच्या गाठोड्यात बांधलं गेलं आणि गाठोडं दिल्लीला गेलं.

विशेष न्यायालयांच्या दुसऱ्या विधेयकाच्या तर नावातच ‘शक्ती कायद्याखालील’ गुन्हे असं लिहिलेलं होतं. पहिलं विधेयक कायदा झालं नाही, तेव्हा त्या न्यायालयांपुढे चालवायला गुन्हेच उरले नाहीत. आता राज्याला हा विषय पुन्हा आणायचा असेल तर जुनी प्रत बाहेर काढून कलमांचे क्रमांक बदलून भागणार नाही. न्याय संहितेत सामूहिक बलात्कार, फसवून ठेवलेले संबंध, पाठलाग यांची कलमं नव्याने मांडली गेली आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलीवरच्या सामूहिक बलात्काराला फाशीपर्यंतची शिक्षा आता केंद्रीय कायद्यातच आहे. शक्तीतलं काय उरतं, त्यातलं किती राज्याच्या स्वतःच्या अधिकारात बसतं आणि किती पुन्हा दिल्लीला पाठवावं लागेल, अशी दोन रकान्यांची यादी गृह आणि विधी व न्याय विभागाने आधी करावी लागेल. पहिल्या रकान्यातल्या गोष्टी पुढच्या अधिवेशनात आणायला कुणाचीही परवानगी लागत नाही.